धातुशोधकाचा तोल आणि हाताचा शीण

पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली घ्या. ती हातात धरा आणि हात शरीरालगत सरळ खाली सोडा. अशी बाटली घेऊन मैलभर चालायला कुणाची तक्रार असणार नाही. आता तीच बाटली हात खांद्याच्या रेषेत समोर लांब करून धरा. मिनिटा-दोन मिनिटांत दंड भरून येतो, बोटे आवळली जातात, हात थरथरू लागतो. बाटलीचे वजन एका ग्रॅमनेही वाढलेले नाही. वाढले आहे ते शरीरापासूनचे अंतर.

आज ज्या यंत्राविषयी बोलायचे आहे, त्याची सगळी अडचण या अंतरातच आहे. हे यंत्र म्हणजे धातुशोधक, अर्थात मेटल डिटेक्टर. या नावाने आपल्याला विमानतळावरची चौकट आठवते, किंवा सुरक्षारक्षकाच्या हातातली छोटी पट्टी. पण जमिनीत पुरलेला धातू शोधणारे यंत्र वेगळे असते. एक लांब दांडा, त्याच्या खालच्या टोकाला तारेच्या वेटोळ्याची चपटी तबकडी, म्हणजे कॉइल, मधे धरायची मूठ आणि मागच्या टोकाला कोपराजवळचा हात टेकवायला एक खोबण. चालणारा माणूस ही तबकडी जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरकतो. खाली धातू असेल तर कानातल्या हेडफोनमध्ये सूर उमटतो.

जगाच्या काही भागांत हा मोठा छंद आहे आणि काहींच्या पोटापाण्याचा उद्योगही आहे. इंग्लंडमध्ये नांगरलेल्या शेतांतून, शेतमालकाची परवानगी घेऊन, लोक दिवसभर जुनी नाणी आणि बकले शोधत फिरतात. सापडलेल्या वस्तूंची नोंद व्हावी म्हणून तिथे १९९७ मध्ये खास योजना सुरू झाली. तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या एका शेतात अँग्लो-सॅक्सन काळातल्या सोन्या-चांदीच्या वस्तूंचे हजारो लहानमोठे तुकडे मिळाले, तेही अशाच एका यंत्रामुळे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतात १८५१ पासून सोन्यासाठी माणसांची झुंबड उडाली होती. त्याच प्रांतात किंगोवर या गावाजवळ १९८० मध्ये धातुशोधकाने सत्तावीस किलोंहून जड सोन्याचा गोळा शोधून दिला. ‘हँड ऑफ फेथ’ हे त्याचे नाव.

असा गोळा आयुष्यात एखाद्यालाच मिळतो. बाकीच्यांच्या वाट्याला येतात ते ग्रॅमभराचे, अर्ध्या ग्रॅमचे कण. आणि हे बारीक कण सापडणे वा न सापडणे बऱ्याच अंशी हाताच्या दमावर ठरते. ते कसे, हे समजण्यासाठी यंत्राच्या कामाची पद्धत थोडी पाहू.

कॉइलमधून बदलता विद्युतप्रवाह गेला, की तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते जमिनीतल्या धातूपर्यंत पोहोचते. धातूत त्यामुळे भोवऱ्यांसारखे प्रवाह उठतात आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे एक क्षीण क्षेत्र तयार होते. यंत्र ते टिपते. म्हणजे प्रवास दोन वेळा होतो, जातानाचा आणि येतानाचा. वस्तू लहान असेल आणि कॉइलच्या आकाराच्या मानाने दूर असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर जाणारे क्षेत्र आठवा भाग उरते आणि परतणारेही आठवा भाग. दोन्ही मिळून संकेत चौसष्टावा भाग होतो. जवळच्या अंतरावर हा उतार इतका तीव्र नसतो, पण उतार असतोच. म्हणून जाणकार सांगतात, कॉइल जमिनीला जवळजवळ घासत, सपाट आणि संथ फिरवा.

सांगायला हे सोपे आहे. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला दोन सेकंद धरले, तर तासात अठराशे फेरे होतात. चार तासांत सात हजार दोनशे. दमलेला हात नकळत काय करतो? फेऱ्याच्या दोन्ही टोकांना कॉइल वर उचलतो. झोका जसा मधे खाली आणि टोकांना वर असतो, तशी तिची वाट होते. मधली पट्टी नीट तपासली जाते आणि दोन्ही कडांना चार-पाच सेंटीमीटरची उंची वाया जाते. तेवढ्यात एखादा बारीक कण निसटतो. माणसाला वाटते, इथे काही नाही. तिथे असते, पण थकलेल्या हाताने ते ऐकू येऊ दिलेले नसते.

आता तोलाकडे येऊ. शाळेत आपण तरफ शिकलो. टेकू, भार आणि बल. धातुशोधक ही तरफच आहे आणि मूठ हा तिचा टेकू. समजा, कॉइल ५०० ग्रॅमची आहे आणि मुठीपासून १०० सेंटीमीटर पुढे आहे. वजन गुणिले अंतर केले तर आकडा येतो ५०,०००. हा मुठीपुढचा, खाली ओढणारा जोर. मुठीमागे खोबण साधारण ३० सेंटीमीटरवर असते. तिथे वजन टांगून हा जोर पुरता फेडायचा म्हटले, तर सुमारे १,६७० ग्रॅम लागतील. म्हणजे अर्ध्या किलोची कॉइल तोलण्यासाठी पावणेदोन किलोंच्या आसपास वजन लादावे लागेल. मनगट खूश होईल, पण ते ओझे अखेर हातानेच वाहायचे आहे. म्हणून पूर्ण तोल हे आपले ध्येय नव्हे. पुढची ओढ मनगटाला जाचणार नाही इतपत कमी करणे, एवढेच ध्येय.

याच गणिताची दुसरी बाजू अधिक उपयोगाची आहे. पुढच्या टोकाचे १०० ग्रॅम कमी केले, तर जोर १०,००० ने घटतो. हाच परिणाम मागे वजन लावून साधायचा, तर ३३३ ग्रॅम लागतात. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की पुढून काय काढता येईल? ॲल्युमिनियमच्या खालच्या दांड्याऐवजी कार्बन फायबरचा दांडा चालेल का? एवढी मोठी कॉइल खरोखर लागते का? मोठी कॉइल मोठ्या वस्तू अधिक खोलवर टिपते, पण वजनदार असते आणि बारीक कणांना फारशी दाद देत नाही. कॉइलखालच्या प्लॅस्टिकच्या आवरणात माती आणि वाळू साठते, ती झटकली का? ओल्या मातीचे पन्नास ग्रॅमही मीटरभर अंतरावर जाणवतात.

दुसरा प्रश्न, आहे तेच वजन मागे नेता येईल का? समजा, अडीचशे ग्रॅमची बॅटरी मुठीच्या १० सेंटीमीटर पुढे बसवलेली आहे. ती तिथून काढून मुठीमागे ३० सेंटीमीटरवर खोबणीखाली नेली. ४० सेंटीमीटरचा फरक पडला. अडीचशे गुणिले चाळीस, पुन्हा दहा हजार. एक ग्रॅमही न वाढवता, कॉइलमधून १०० ग्रॅम काढल्याएवढा आराम मिळाला. अनेक कंपन्यांनी बॅटरीचा कप्पा कोपराखाली नेला, तो यासाठीच. आपल्या यंत्रात तशी सोय नसेल, तर बॅटरीच्या तारा आपणच लांबवण्याचा उद्योग मात्र करू नये.

या दोन्ही वाटा संपल्यावरच तिसरी, म्हणजे मागे जादा वजन लावण्याची. वाळूची किंवा शिशाच्या छऱ्यांची लहान पिशवी खोबणीच्या मागे घट्ट बांधली जाते. धातू कॉइलपासून मीटरभराहून दूर असल्याने सहसा यंत्राला त्रास देत नाही. पिशवी सैल मात्र नसावी. हलते वजन दर फेऱ्याला झटका देते. शंभर ग्रॅमने सुरुवात करावी, तासभर काम करून पाहावे, मग वाढवावे. तीनशे-चारशे ग्रॅमच्या पुढे जायची इच्छा झाली, तर पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे वळावे.

इथे एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. हे वजन कोणत्या सांध्याला आराम देते? ते नेमके कोपराखाली असेल, तर मनगटाचा आणि मुठीचा ताण हलका होतो. पण कोपराच्या दृष्टीने पाहिले, तर टेकूवरच ठेवलेले वजन दुसऱ्या बाजूचा भार उचलत नाही. कॉइल कोपरापासून १३० सेंटीमीटर दूर आहे, ती तेवढीच ओढणार. दंडाच्या स्नायूला सवलत हवी असेल, तर वजन कोपराच्याही मागे, दहा-पंधरा सेंटीमीटर शेपटीसारखे निघालेले असावे लागते. म्हणून आधी विचारावे, दुखते कुठे? मनगट की कोपर की खांदा? दुखण्याची जागा सांगते की तोल कुठे बिघडला आहे.

खांद्याचे उत्तर तर बिनखर्चाचे आहे. दंड शरीरालगत, सरळ खाली असू द्या. कोपर खांद्याखाली आले, की दंडाचा भार हाडांवरून सरळ उतरतो. कोपर वीस सेंटीमीटर पुढे गेले, की यंत्र आणि हात दोन्ही खांद्यापासून तेवढे पुढे लोंबकळतात. बहुतेक वेळा कोपर पुढे जाते, कारण दांड्याची लांबी चुकलेली असते. दांडा आखूड असेल तर माणूस वाकतो आणि कंबर धरते. लांब असेल तर कॉइल पायांपासून दूर जाते, हात ताणला जातो, आणि तरफेची पुढची बाजू विनाकारण लांबते. ताठ उभे राहावे, खांदे सैल सोडावेत, आणि कॉइल पायांपुढे जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर सपाट राहील अशी लांबी ठरवावी. मग खोबण पुढे-मागे सरकवून ती कोपराच्या किंचित पुढे येईल असे पाहावे. तिचा पट्टा बांधलेला असावा, म्हणजे मूठ आवळून धरावी लागत नाही. खोबण जितके धरून ठेवते, तितकी बोटे मोकळी राहतात. घट्ट मूठ ही बाहूच्या दुखण्याची जुनी सोबतीण आहे.

तोल पाहायची एक साधी रीत आहे. मूठ बोटांनी सैल धरा, हात खोबणीत ठेवा आणि बोटे हळूहळू ढिली करा. कॉइल धपकन जमिनीकडे गेली, तर पुढची ओढ जास्त. संथपणे झुकली, तर ठीक. अजिबात झुकली नाही किंवा वर उठली, तर मागे वजन जादा झाले आहे. किंचित पुढे झुकणारे यंत्रच बरे, कारण कॉइलला जमिनीकडेच राहायचे आहे.

आतापर्यंतचा हिशेब स्थिर यंत्राचा झाला. पण हे यंत्र सतत फिरते आणि दर फेऱ्याच्या टोकाला थांबून उलटे वळते. फिरत्या वस्तूचा जडपणा अंतराच्या वर्गाने वाढतो. मीटरभरावरचे ५०० ग्रॅम आणि ३० सेंटीमीटरवरचे ४०० ग्रॅम यांची तुलना केली, तर मागच्या वजनाने फिरवण्याचा जडपणा जेमतेम सात टक्क्यांनी वाढतो. म्हणजे मागचे वजन फिरवताना फारसे महाग पडत नाही. पुढचे मात्र दोनदा महाग पडते. एकदा तोलताना आणि एकदा वळवताना. फिरवण्याचे काम मनगटाला देऊ नये, हेही यातूनच निघते. कंबर आणि खांदे एकत्र वळू द्यावेत. ओंजळीतले पाणी न सांडता वळल्यासारखे, झटका न देता.

काही यंत्रे मुळातच जड असतात. ऑस्ट्रेलियातल्या मिनलॅब कंपनीचे सोने शोधणारे जीपीझेड ७००० हे यंत्र ३.३२ किलोचे आहे. त्याच कंपनीचे नाणी शोधणारे इक्विनॉक्स ८०० फक्त १.३४ किलोचे. सोन्याच्या यंत्राला खोलवर जायचे असते, म्हणून मोठी कॉइल आणि मोठी बॅटरी. एवढे ओझे एका हाताने पेलत दिवस काढायचा नसतो. तिथे उपयोगी पडतो तो अंगावरचा पट्टा. पाठीवर आणि कमरेला बांधलेल्या पट्ट्यातून एक लवचीक दोर येतो आणि मुठीच्या किंचित पुढे, यंत्राचा तोल जिथे साधतो तिथे अडकतो. वजन खांदे आणि कमर वाहतात, हात फक्त दिशा देतो. कोकणात किंवा घाटावर गवत कापायचे यंत्र खांद्याच्या पट्ट्यात अडकवलेला माणूस आपण पाहिला असेल. मागे इंजिन, पुढे पाते, मधे अडकवायची कडी. कडी दोन बोटे मागे-पुढे झाली, तरी संध्याकाळपर्यंत फरक कळतो. तेच तत्त्व इथे आहे.

या दोरातही एक मेख आहे. हात बाजूला गेला, की दोर ताणला जातो आणि यंत्राला वर व मधे खेचतो. म्हणजे कॉइल टोकांना उचलली जाण्याचा जो दोष थकव्याने येतो, तोच आता दोराने येतो. उपाय म्हणजे दोर शक्य तितका उंचावरून आणि लांब घ्यावा. लांब दोराच्या झोक्याची वाट अधिक सपाट असते. दोर इतकाच ताणावा, की सोडलेली कॉइल जमिनीवर अलगद टेकेल.

वजन हातातून अंगावर न्यायची ही युक्ती नवी नाही. तिची खरी गरज छंदात नव्हे, रणांगणावर भासली. पोलंडचे एक लष्करी अधिकारी, अभियंते युझेफ कोसात्स्की यांनी स्कॉटलंडमध्ये असताना १९४१-४२ च्या सुमाराला एका माणसाला वापरता येईल असा भूसुरुंगशोधक तयार केला. त्याचे वजन चौदा किलोंच्या आसपास होते. तेवढे काठीच्या टोकाशी कोण पेलणार? कॉइल काठीच्या टोकाला ठेवली आणि बाकीचा भार जवानाच्या अंगावर टाकला. ऑक्टोबर १९४२ मधल्या एल अलामीनच्या लढाईत अशी शेकडो यंत्रे वाळवंटात उतरली आणि सुरुंग काढण्याचा वेग दुपटीच्या जवळ गेला, असे सांगतात.

त्याआधी हे काम कसे होत होते, याची आठवण आपल्या पुण्याच्या खडकीशी जोडलेली आहे. बॉम्बे सॅपर्सचे तरुण अधिकारी प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ च्या जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, पंचावन्न मैलांच्या वाटेवर पंधरा सुरुंगक्षेत्रे मोकळी केली. स्फोटाने एका कानाचा पडदा फाटला, शरीर थकून गेले, तरी त्यांनी बदली माणूस घेतला नाही. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. थकव्यावर मात करणारे असे धैर्य विरळा. पण सुरुंग शोधणाऱ्या प्रत्येक माणसाकडून रोज त्याची अपेक्षा धरता येत नाही. आजही जगात जिथे जुने सुरुंग जमिनीत आहेत, तिथे हाती धातुशोधक घेऊन माणसे चालतात. नाण्याच्या छंदिष्टाची कॉइल चार सेंटीमीटर उचलली गेली, तर एक नाणे जाते. त्यांची उचलली गेली, तर काय जाईल हे सांगायला नको. यंत्राचा तोल तिथे चैनीची गोष्ट नाही.

तोल कितीही साधला, तरी शरीराच्या मर्यादा राहतातच. अर्ध्या-पाऊण तासाने थांबावे, बोटे उघडून हात सैल सोडावा. जमत असेल तर हात बदलावा. खोबण दोन्ही हातांना चालते, सवय तेवढी करावी लागते. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणे येऊन ते विश्रांतीनंतरही हटत नसेल, किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर वजनाचे प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

आपल्याकडे कुणाला हा छंद जडलाच, तर कायदाही ठाऊक असावा. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. किल्ले, लेणी आणि इतर संरक्षित स्मारकांच्या परिसरात परवान्याशिवाय खोदता येत नाही. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा निराळाच. तेव्हा गडावर यंत्र घेऊन जाण्याचा विचार मनात आणू नये.

पण तोलाचे हे गणित धातुशोधकापुरते नाही. आंबे काढायचा झेला, छत रंगवायचा लांब दांड्याचा रोलर, जाळी काढायची केरसुणी, फवारणीची नळी, हातात लांब दांडा आला की तोच हिशेब लागू होतो. टोकाचे वजन आधी कमी करा, उरलेले शरीराजवळ आणा, कोपर अंगालगत ठेवा. आणि दिवस संपता संपता हात दुखू लागला, तर यंत्र जड आहे असे म्हणण्याआधी एकदा पाहा, त्याचे वजन नेमके कुठे बसले आहे.